कोरलाचा पाला हाताला यायला हवा

मृगाचे दोन पाऊस पडून गेले की मुरबाडच्या बाजारात ठाकर बायका रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. शेवळं, टाकळा, कुर्डू आणि त्यांच्यातच कोरल. कोरल म्हणजे झाडाचा पाला. दिसायला आपट्यासारखा, पण पान आपट्याहून मोठं, खालून पांढुरकं आणि मधली खाच उथळ. तरी ओळखू येत नसेल तर कोवळं पान तोंडात टाकायचं. कोरल असेल तर जीभ लगेच सांगते. चिंचेच्या पाल्यासारखा स्वच्छ आंबटपणा, मागून किंचित तुरट.

आपटा, कांचन, कोरल ही सगळी एकाच गोतातली झाडं. जोडपानावरून या गोताला बॉहिन नावाच्या दोन वनस्पतीशास्त्रज्ञ भावांचं नाव मिळालं. कोरल त्यातली बॉहिनिया मलबारिका. फिलिपिन्समध्ये याच झाडाला अलिबांगबांग, म्हणजे फुलपाखरू, म्हणतात आणि तिथेही मासे-मटणाच्या रश्शाला आंबटपणा आणायला हाच पाला घालतात. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आमची आई सुकटीत कोरल घालायची, ती तरी वेगळं काय करत होती!

आमच्या शेताच्या बांधावर एक कोरल आहे. वडील होते तोवर दर हिवाळ्यात ऐन-किंजळीबरोबर त्याचीही कवळं, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, तोडली जायची. राबाच्या जागेवर शेण, कवळं, पालापाचोळा, वर माती, असा थर देऊन उन्हाळ्यात तो भाजायचा आणि त्यावर भाताचं बी पेरायचं. त्यामुळे ते झाड कायम दीड पुरुष उंचीचं, डोक्यावर झिपऱ्या वाढल्यासारखं. वडील गेल्यावर राब थांबला. झाडाला आता कोयता लागणार नाही, याचं मला मनापासून बरं वाटलं. दहा-बारा वर्षांत ते सरळ वर गेलं. भाद्रपदानंतर बारीक पांढुरकी फुलं येत, पुढे लांब चपट्या शेंगा लोंबत. मी ते कौतुकाने बघायचो.

दरवर्षी आमच्याकडून पाला नेणाऱ्या एक मावशी आहेत. तीन वर्षांपूर्वी त्या बांधावर आल्या, बराच वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, झाड पार वर गेलं. आकडीनं ओढला तर निबर पाला येतो. कोवळा समदा शेंड्याला. माघात तोड याला."

मला ते पटेना. झाडाला मी इतकी वर्षं जपलं आणि ज्यांचं पोट या रानावर चालतं त्यांनीच तोडायला सांगावं? पण त्या दिवशी त्यांच्या टोपलीत तळ झाकेल इतकाच पाला होता. तो मी विसरू शकलो नाही.

माघात कोयता घेऊन चढलो. खोडाला आणि जाड फांद्यांना हात लावला नाही, वरची कवळं तेवढी उतरवली. झाड उघडंबोडकं झालं. होळीपर्यंत मी त्या बाजूला बघायचंही टाळत होतो. मग वळवाचा एक पाऊस झाला आणि प्रत्येक खुंटातून पाच-सहा धुमारे फुटले. नवं पान मिटलेल्या पुस्तकासारखं येतं. दोन्ही पाळ्या एकमेकींना चिकटलेल्या, रंग तांबूस, बोटांत धरलं तर ओल्या रेशमासारखं. देठाजवळ दाबलं की टचकन तुटतं. असं तुटलं तरच भाजीचं, वाकलं तर निबर, हेही मावशींनीच दाखवलं.

भाजी सोपी आहे. बारीक चिरलेला पाला, भिजवलेली चणाडाळ, भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. टोमॅटो घालू नये. आंबटपणा पाल्याचाच लागला पाहिजे, नाहीतर कोरल खाल्ली कशाला?

या जूनमध्ये मावशींनी जमिनीवर उभं राहून टोपली भरली. जाताना ओढ्याकडच्या एका फांदीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माघात ही नको तोडू. हिला शेंगा धरू दे."

मी त्या फांदीला सुतळी बांधून ठेवली आहे.