कुलूप असलेली घरं

माझी वैनी कोल्हापूरच्या राजेंद्रनगरात आशा म्हणून काम करते. परवा रात्री जेवणं झाल्यावर फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसलेली, म्हटलं आण इकडं, एक्सेलमधी घालून देते.

फॉर्म म्हणजे तो सीबॅकचा, बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका कुणाला जास्त ते बघायचा, ३० वर्षांच्या वरच्या प्रत्येकाचा भरायचा असतो, वय, तंबाखू, दारू, कंबरेचं माप, व्यायाम, घरात कुणाला बीपी शुगर आहे का, असं सगळं, आणि मार्क ४ च्या वर गेले की त्या माणसाला आधी तपासणीला न्यायचं. मी गल्लीवार लावत गेले तर एका गल्लीत धोक्यातली माणसं एकदम कमी दिसली, मला वाटलं, बरं आहे की. वैनी म्हणाली, "अगं बरं कुठलं, तिथं निम्म्या घरांना कुलूप हुतं."

बायका सकाळीच प्रतिभानगर, सम्राटनगरच्या बंगल्यांत धुणंभांडं करायला जातात, पुरुष बिगारीवर नाहीतर शिरोली एमआयडीसीत, आणि वैनी पोचते दहानंतर. म्हणजे दवाखान्यासाठी एक खाडासुद्धा ज्यांना परवडत नाही नेमकी तीच माणसं कागदावर नाहीत! रिकामी ओळ बघून वरच्या कुणाला वाटणार की तिथं आजार नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही खरंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा कोल्हापूरचा अहवाल मी वाचलाय, चांगलं काम आहे ते, पण आकडा जिल्ह्याचा. त्यात पैसेवाल्यांचं ताराबाई पार्क आणि आमचं राजेंद्रनगर एकाच सरासरीत. गल्लीचा आकडा फक्त आशांच्या रजिस्टरमधी असतो, तो वर जातो, बेरीज होते, आणि गल्लीत परत काय येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी संध्याकाळी सातला गेलो. सगळी दारं उघडी. एका मावशींना वैनीनं विचारलं, तंबाखू खाता का, "न्हाई बाई, शिवत सुदीक न्हाई," आणि बोटाला काळी मिश्री लागलेली. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच की, पण त्यांच्या लेखी ते दात घासणं, त्यामुळं फॉर्मवर "नाही" पडणार आणि मार्क कमी येणार. आता वैनी आधी विचारते, दात कशानं घासता. प्रश्न आपल्या माणसांच्या बोलीत नसला तर उत्तर चुकीचंच येतं, हे मला त्या दारात उभं राहून कळलं.

त्याच मावशींचं बीपी बरंच वर निघालं. वैनीनं सांगितलं, उद्या दवाखान्यात या, गोळ्या फुकट मिळतात. त्या म्हणाल्या, "सांजच्याला मिळतील का? सकाळी सुट्टी देत न्हाईत."

घरी येऊन मी शीटमधी दोन कॉलम वाढवले, एक "कुलूप किती वेळा", दुसरा "घरी कधी असतात". पुढच्या मीटिंगला वैनी त्याची प्रिंट घेऊन जाणार आहे, नावं काढून, नुसती गल्ली आणि वेळ, आणि आठवड्यातनं एक दिवस तरी संध्याकाळी तपासणी ठेवा म्हणून मागणार आहे.