पान्हा कुठे ठेवलाय?

दुपारी दोनच्या उन्हात सोसायटीच्या फाटकाशी नवीकोरी इलेक्ट्रिक टॅक्सी उभी राहते. आजी छत्री मिटतात, पिशवी डाव्या हातात घेतात आणि उजव्या हाताने गाडीचं अंग चाचपू लागतात, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. हँडल काही सापडत नाही. आतून ड्रायव्हर ओरडतो, "आजी, पुढचं टोक दाबा, मागचं बाहेर येईल!" आजी मागचं टोक दाबतात. शेवटी तोच बिचारा उतरून दार उघडून देतो.

अंगात मुरलेलं हँडल ही मुळात चित्रातली चीज. गाडी कागदावर उतरते तेव्हा आधी दोन चाकं, मग छपराची एक सलग रेघ, आणि दार सगळ्यात शेवटी. पुढे पूर्ण आकाराचं मॉडेल करतात तेव्हाही तेच. आत सांगाडा, त्यावर फोम, त्यावर साधारण ६० अंशांपर्यंत तापवून मऊ केलेली तपकिरी क्ले हाताने थापायची आणि पात्यांनी तासायची. या मॉडेलवर दाराची फट म्हणजे नुसती काळी चिकटपट्टी. ओढली, नाही आवडली, उचकटून दोन सेंटिमीटर पुढे लावली. चिकटपट्टीला बिजागरी लागत नाही, रबरी बीडिंग लागत नाही, आणि काच खाली सोडली की ती कुठे जाणार हेही तिला कुणी विचारत नाही.

खऱ्या दाराला हे सगळं विचारावं लागतं. आपोआप बाहेर येणाऱ्या हँडलमागे सेन्सर, छोटी मोटर, गिअर आणि मायक्रोस्विच असा संसार असतो, आणि तो चालतो १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी ही धाकटी झोपली की हँडल आतच. कोकणात एक पावसाळा काढला की खाचेत लाल माती बसते ती वेगळीच. काही गाड्यांत आतून उघडायलाही बटणच असतं. तारेने ओढायची आणीबाणीची खिट्टी पुढच्या सीटला बहुधा हाताशी असते, मागच्या सीटला मात्र ती दाराच्या कप्प्याच्या तळाशी, नाहीतर चटईखाली दडवलेली सापडते. नवीन गाडीला हार घालायच्या आधी चारही दारांच्या खिट्ट्या शोधून एकदा ओढून बघाव्यात. पेढे नंतर.

विज्ञानकथा वाचतानाही ही दाराची खोड सुटत नाही. यान प्रकाशाच्या वेगाने जातं की कसं ते लेखकाने बघून घ्यावं, पण आत शिरायचं कुठून? या बाबतीत ज्यूल व्हर्नइतका चोख माणूस नाही. भा. रा. भागवतांच्या मराठीतून तो ज्यांना भेटला त्यांनी लहानपणी वहीच्या मागच्या पानावर त्याची नॉटिलस पाणबुडी काढलेली असते, आणि हटकून माशासारखी. व्हर्नची नॉटिलस साध्या विडीसारखी: लांबी ७० मीटर, रुंदी ८, दोन्ही टोकं निमुळती. तिच्या पाठीवरच्या खाचेत एक होडी बोल्टांनी आवळलेली. पाणबुडीला एक भोक, होडीच्या अंगाला दुसरं, दोन्ही समोरासमोर. माणसाने होडीत शिरायचं, पाणबुडीचं झाकण खालून दुसऱ्याने लावायचं, होडीचं झाकण आपण स्क्रूने आवळायचं आणि मग बोल्ट सोडायचे. होडी बुचासारखी वर. पाणबुडीवरचे कैदी पळून जायला निघतात त्या रात्री त्यांच्यातला नेड लँड पान्हा घेऊन आलेला असतो. तो नट सैल करायला बसतो, तेवढ्यात भोवरा येतो आणि बोल्ट तुटून होडी सुटते. समुद्राच्या पोटातली एवढी अद्भुत सफर, आणि शेवट अडलेला पान्ह्यावर. हे वाचल्यावर त्या पाणबुडीवर विश्वास बसतो.

माणसांसकट तोफेतून चंद्राकडे सोडलेल्या त्याच्या गोळ्यालाही असंच झाकण आहे: बॉयलरमध्ये उतरायला भोक असतं तसं, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, आतून स्क्रूंनी दाबलेलं. वाटेत एक कुत्रं मरतं. प्रवासी खिडकी झटकन उघडतात, त्याला बाहेर टाकतात, झटकन मिटतात, हवा फारशी जात नाही. इथे मात्र गडी चुकला. फूटभर चौकोनी झाकणावर आतली हवा जवळजवळ ९६० किलोंनी रेटत असते. ती काही झटकन उघडमीट करायची गोष्ट नव्हे.

व्हर्ननंतर बोल्ट गेले आणि दारं आपोआप सरकू लागली. १९६६ सालच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत ती सर्रकन बाजूला होतात, कारण भिंतीमागे उभी असलेली माणसं ती ओढायची. चुकलं की अभिनेता दारावर आपटायचा. सरकतं दार तसं आपल्या ओळखीचं आहे. १९८४ पासून २०१९ पर्यंत मारुतीच्या व्हॅनला ते होतंच. त्याला तीन रूळ: एक वर, एक पायरीपाशी, एक मागच्या अंगावर मधोमध. खालच्या रुळात शाळेच्या बुटांची माती, बडीशेप, पेन्सिलीची टोकं. रोलर झिजला की दार मागून खाली बसतं, मग ते आधी किंचित उचलायचं आणि नंतर लोटायचं. ही युक्ती व्हॅनवाल्या काकांखेरीज कुणाला जमत नसे. सर्रकन वगैरे काही नाही, धाडकन.

पंखांसारखी वर उघडणारी दारं ही तरी निव्वळ हौस असेल असं वाटतं, तर तेही नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलचा सांगाडा बारीक नळ्यांच्या जाळीचा. ताकदीसाठी ती जाळी दोन्ही बाजूंना चांगली उंच आणावी लागली, मग नेहमीच्या दाराला जागाच उरेना. म्हणून बिजागऱ्या छपराला. तो उंच उंबरा ओलांडून बसता यावं म्हणून स्टिअरिंग व्हीलही आडवं पाडायची सोय. लॅम्बोर्गिनी काउंटाचमधून मागचं जवळपास काहीच दिसत नाही, तेव्हा रिव्हर्स घेताना दार वर करायचं, उंबऱ्यावर बूड टेकायचं आणि मान बाहेर काढून मागे बघायचं. आपल्याकडे त्यासाठी क्लीनर असतो. डीलोरियन गाडीचं जड दार उचलायला छपरात पीळ दिलेला पोलादी दांडा आहे. तो पीळ पक्का बसावा म्हणून दांडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गारठवून पिळलेला, आणि हे काम विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीचं. जोडीला गॅसचा दट्ट्या. त्यातला गॅस उतरला की दार पुरतं वर जात नाही आणि उतरणाऱ्याच्या बरोब्बर कपाळाच्या उंचीवर येऊन थांबतं. दाराला एवढा बाक की अख्खी काच आत मावत नाही, म्हणून टोलचे पैसे देण्यापुरती एक छोटी खिडकी तेवढी खाली होते.

दारांचा स्वभाव ओळखला तो फिलिप के. डिकने. १९६९ च्या त्याच्या 'यूबिक' कादंबरीत घराचं दार उघडायचे पैसे मागतं. नायकाकडे सुटे नाहीत. तो करारपत्र काढून वाचतो, तर पैसे देणं बंधनकारकच. मग तो सुरी आणून कुलपाचे स्क्रू काढायला बसतो आणि दार त्याला कोर्टात खेचायची धमकी देतं. आदल्याच वर्षी, '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात, यानाचा संगणक दार उघडायला नकार देतो आणि बाहेर अडकलेल्या माणसाला बोल्टांतली दारू पेटवून आपल्या पॉडचं, म्हणजे छोट्या यानाचं, दार उडवून आत यावं लागतं.

दारू भरलेले बोल्ट ही कल्पना कथेतली नव्हे. २१ जुलै १९६१ ला अमेरिकी अंतराळवीर गस ग्रिसमची लिबर्टी बेल ७ ही कुपी अवकाशातून परत येऊन अटलांटिकमध्ये उतरली. तिच्या झाकणाला असे ७० बोल्ट होते. हेलिकॉप्टरने उचलायच्या आतच झाकण उडालं, पाणी शिरलं, ग्रिसम पोहत बाहेर पडला आणि कुपी तळाला गेली. त्यामुळे पुढे चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाला उडणारं झाकण नको, असं ठरायला बळ मिळालं. आतलं दार आतल्याच बाजूला उघडणारं केलं. अवकाशात हे शहाणपणाचंच: आतली हवा दाराला चौकटीवर दाबून धरते, आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर असतो तसं. कुकरची वाफ उतरल्याशिवाय ते झाकण हलत नाही, हे आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक आहे.

२७ जानेवारी १९६७ च्या संध्याकाळी अपोलो १ ची नुसती जमिनीवरची चाचणी चालू होती. रॉकेटमध्ये इंधनही नव्हतं. कुपीत शुद्ध ऑक्सिजन, बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबाचा. बाहेर पडायच्या वाटेवर एकामागे एक तीन झाकणं, आणि सगळं सुरळीत असलं तरी ती उघडायला दीड मिनिट. आग लागली तेव्हा दाब काही सेकंदांत इतका वाढला की आतलं झाकण कुणाच्याही हाताने उघडलं नसतं. मधल्या सीटवरच्या एड व्हाइटचं काम ठरलेलं होतं: डोक्यामागे हात नेऊन रॅचेटच्या पान्ह्याने खिट्ट्या सोडवायच्या. बाहेरच्या लोकांना तिन्ही झाकणं काढायला सुमारे पाच मिनिटं लागली. आत व्हाइट, रॉजर चॅफी आणि ग्रिसम.

नंतरच्या अपोलोला बाहेरच्या बाजूला उघडणारं दार बसवलं. आतून एक हँडल. ते मागेपुढे हलवलं की कडेच्या सगळ्या खिट्ट्या काही सेकंदांत सुटायच्या.