मार्चअखेरची बिलं आणि ८५ टक्क्यांचं गणित

आजचा अख्खा दिवस धोरण-संशोधन संस्थेच्या २०२४-२५ च्या हिशेबात गेला. आकडा साधा आहे. समजा कॉर्पस (कायमचा मूळ निधी म्हणून मिळालेल्या देणग्या) सोडून उत्पन्न २ कोटी, तर आयकर सवलतीसाठी ८५ टक्के, म्हणजे १.७० कोटी, उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत. घोळ मार्चमध्ये होतो. सर्वेक्षणाचं बिल ३१ मार्चला फक्त तरतूद म्हणून दाखवलं आणि पैसे एप्रिलमध्ये दिले, तर तो खर्च या वर्षी धरलाच जात नाही. बँकेतून रक्कम जायला हवी! ८५ टक्के खर्चात तूट राहिली तर आयकर खात्याचा फॉर्म १० भरून ठरावीक हेतूसाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम राखता येते. ‘संस्थेची उद्दिष्टं’ एवढंच मोघम लिहिलं की मात्र वाद ठरलेला.

परदेशी देणगीचं वेगळंच. २०२० पासून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे (आधी ५० होती). कार्यालयाचं भाडं आणि हिशेबनिसाचा पगार त्यात येतो. संशोधन संस्थेत क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्यांचा, तिचं विश्लेषण करणाऱ्यांचा पगार येत नाही. पण हिशेबाच्या वहीत सगळे पगार एकाच खात्यात टाकले, तर हे दाखवणार कसं? खाती एप्रिलपासूनच वेगळी ठेवा. ऑडिटरसमोर बसून फोड करणं म्हणजे शुद्ध डोकेदुखी.