गणपतराव देशमुख: ११ विजय, २ पराभव आणि मोजणीत हमखास निसटणारी पोटनिवडणूक

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप), ११ वेळा आमदार. वाक्य खरं आहे. पण एवढ्यावर थांबलं तर १९६२ पासून सांगोल्यात सलग विजयांची रांगच लागली होती असं वाटतं, आणि तसं घडलेलं नाही. आबासाहेब, म्हणजे गणपतराव, दोनदा हरले. त्या दोन पराभवांच्या आगेमागे काय झालं ते पाहिल्याशिवाय ११ या आकड्याचं वजन कळत नाही.

आधी मोजणी. विजयाची वर्षं अशी: १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. पराभव १९७२ आणि १९९५ चे. म्हणजे १३ लढती. निवडणूक आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालांतून ही यादी काढायला बसलं की विजय दहाच भरतात, कारण १९७४ ची पोटनिवडणूक त्या अहवालांत येत नाही. यादी करताना पोटनिवडणुका वेगळ्या शोधाव्या लागतात. दुसरी अडचण नावाची. जुन्या इंग्रजी याद्यांत आडनाव कधी आधी येतं, कधी शेवटी, आणि ‘गणपतराव’चं स्पेलिंगही एकसारखं नाही. नावाने शोधण्यापेक्षा मतदारसंघाने शोधावं. सध्या सांगोल्याचा क्रमांक २५३ आहे, पण पुनर्रचनेत क्रमांक बदलतात. म्हणून जुन्या वर्षांसाठी क्रमांकावरही विसंबू नये.

आमदारकीची वर्षंही अशीच ढोबळपणे सांगितली जातात. १९६२ ते २०१९ हा काळ ५७ वर्षांचा. त्यातून १९७२ ते ७४ ही साधारण दोन वर्षं आणि १९९५ ते ९९ ही साडेचार वर्षं वजा केली की ५० वर्षांच्या थोडं वर उरतं. विधानसभांच्या हिशोबात दुसरी ते तेरावी अशा १२ विधानसभा झाल्या. त्यातल्या फक्त नवव्या विधानसभेत ते नव्हते, आणि चौथीत मध्येच दाखल झाले. ‘देशातला विक्रम’ हे शब्दही जपून वापरलेले बरे. केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले, ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा, आणि करुणानिधी वेगवेगळ्या मतदारसंघांतून १३ वेळा. आबासाहेबांचं मोठेपण महाराष्ट्राच्या चौकटीतच नीट दिसतं, कारण इथे त्यांचा पक्ष एकूणात आटत गेला आणि तरी सांगोला त्यांच्याकडे राहिला.

शेतकरी कामगार पक्षाचे विधानसभेतले आकडे लागोपाठ वाचले की हे लक्षात येतं. १९६२ ला १५ जागा, १९६७ ला १९, १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९८० ला ९, १९८५ ला पुन्हा १३, १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २, २००९ ला ४, २०१४ ला ३. १९६७ ला सभागृह २७० जागांचं होतं आणि १९७८ पासून ते २८८ चं झालं, म्हणजे टक्केवारी काढली तर घसरण आणखी ठळक. राज्यात पक्ष वाढतोय म्हणून त्याचा उमेदवार निवडून येतोय, हे गणित १९६७ नंतर सांगोल्याला फारसं लागू पडत नाही. २००४ मध्ये पक्षाचे दोनच आमदार आले आणि त्यांतले एक गणपतराव होते.

आता पहिला पराभव. १९७२ ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतरची, इंदिरा लाटेतली. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. शेकाप १९ वरून ७ वर आला, तेव्हा या पराभवाचं वेगळं स्थानिक कारण शोधायची फारशी गरज नाही. खरं पाहायचं ते दोन वर्षांनी काय झालं ते. १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत आले. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ होऊन गेला होता. सांगोला पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. लोक खडी फोडायला, नालाबंडिंगच्या (ओढ्यांवर बांध घालण्याच्या) आणि तलावाच्या कामांवर जात होते. अशा ठिकाणी मजुरी किती पडली, हजेरीपट नीट भरला का, पगार किती दिवसांनी झाला, हेच राजकारण असतं, आणि शेकापचा लाल बावटा याच प्रश्नांवर उभा होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच दुष्काळात राज्यभर पसरली. पुढे तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या वेळी राज्यात शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार होतं आणि गणपतराव त्यात मंत्री होते. त्याआधी १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. पवारांचं सरकार १८ जुलै १९७८ ला आलं आणि १७ फेब्रुवारी १९८० ला बरखास्त झालं. म्हणून १९७८ आणि १९८० असे दोन विजय इतके जवळ पडतात.

दुसरा पराभव जास्त बोलका आहे. १९९५ ला राज्यात काँग्रेसविरोधी वारं होतं. शिवसेना-भाजपचं सरकार आलं, ४५ अपक्ष निवडून आले. आणि त्याच वर्षी सांगोल्यात काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवलं. राज्यातली लाट एका दिशेला आणि तालुक्याचा निकाल दुसऱ्या दिशेला. १९२ चं अंतर म्हणजे दोन-तीन वाड्यांनी हात आखडता घेतला तरी पुरे. इतक्या कमी फरकाचं एकच कारण ठामपणे सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो, एवढं लक्षात ठेवावं. कागदी मतपत्रिकांच्या त्या काळात बाद मतंही असायची. शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडला, दोन ठिकाणी मारला, अंगठा उमटला, की मत बाद. अटीतटीच्या लढतीत बाद मतांचा आकडा विजयाच्या फरकापेक्षा मोठा असणं तेव्हा नवलाचं नव्हतं. यंत्रं आल्यावर हा प्रकार संपला आणि केंद्रनिहाय मतं नमुना २० मध्ये, म्हणजे आयोगाच्या अंतिम निकालपत्रात, सरळ वाचता येऊ लागली. गावागावांतला कल अभ्यासायचा असेल तर तोच कागद पाहावा. नुसत्या एकूण बेरजेतून मतदारसंघ कळत नाही.

१९९९ ला आबासाहेब पुन्हा निवडून आले, आणि त्या वर्षी पक्षाच्या ५ जागांना जागांपेक्षा मोठी किंमत होती. काँग्रेस ७५ आणि राष्ट्रवादी ५८, बहुमताला १४५ लागतात. आघाडी शेकाप, इतर लहान पक्ष आणि अपक्षांवर उभी राहिली. विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतराव मंत्री झाले. जून २००२ मध्ये शेकापने पाठिंबा काढला आणि ते मंत्रिपदही सुटलं. अर्धशतकाच्या आमदारकीत दोनच वेळा मंत्रिपद, आणि दोन्ही वेळा मुदत पुरी झाली नाही. ते आयुष्यभर मुख्यतः विरोधी बाकांवरचे आमदार होते, हे विसरून त्यांच्या कामाचा हिशोब मांडला तर तो चुकतोच. निधीची चावी हातात नसलेल्या आमदाराला प्रश्नोत्तरं, लक्षवेधी, कपात सूचना, अर्धा तास चर्चा हीच सभागृहातली अवजारं. ती वापरायला वाचन लागतं, आधीच्या अधिवेशनात मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन तारखेसह ध्यानात ठेवावं लागतं. वकिली करून राजकारणात आलेल्या आबासाहेबांना ही शिस्त होती.

सांगोल्यातली खरी लांब लढाई पाण्याची. तालुक्याला पाणी तीन दिशांनी यायचं: नीरा उजवा कालवा, भीमेवरची उजनी, आणि कृष्णेचं उपसा पाणी, म्हणजे टेंभू आणि म्हैसाळ. तिन्हीकडे सांगोला शेवटच्या टोकाला. कालव्याचा नियम कागदावर ‘टेल टू हेड’ असा असतो, आधी शेपटाकडच्याला पाणी. प्रत्यक्षात वरचे शेतकरी दारं उघडी ठेवतात, मधल्या चाऱ्या (छोटे उपकालवे) गाळाने भरतात, गळती होते, आणि टेलच्या माणसाचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, हुकतं. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्याकडे आणते. प्रत्येक टप्प्यावर पंप, आणि पंपाला वीज. वीजबिल थकलं की पंप बंद, आणि बंदचा पहिला फटका शेवटच्या तालुक्याला. म्हणूनच वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलायचा, हे सूत्र सांगोल्यासारख्या तालुक्याला नव्या कालव्याइतकंच मोलाचं. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत भरत आलेल्या पाणी परिषदा, १३ दुष्काळी तालुक्यांची मागणी, त्यात शेकापचे एन. डी. पाटील आणि गणपतराव ठामपणे उभे. ही चळवळ एका निवडणुकीच्या मुदतीत फळ देणारी नव्हती. दर पाच वर्षांनी मतं मागताना ‘पाणी अजून यायचंय’ हे सांगावं लागणारा आमदार पुन्हा पुन्हा निवडून येतो, याचं कारण लोकांना तो माणूस पाठपुरावा सोडणार नाही याची खात्री असते.

त्याला जोड शेतकरी सहकारी सूतगिरणीची. दुष्काळी तालुक्यात सहकारी सूतगिरणी चालवणं सोपं नव्हतं. राज्यातल्या कितीतरी गिरण्या कर्ज, महाग कापूस आणि महाग वीज यांत बुडाल्या, तेव्हा सांगोल्याची गिरणी नीट चालवलेल्या संस्थेचं उदाहरण म्हणून सांगितली जायची. आणि डाळिंब. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. खड्डा खणण्यापासून रोपं जगवण्यापर्यंत मजुरीला अनुदान मिळू लागलं आणि सांगोल्याच्या माळरानावर डाळिंब आणि बोर उभं राहिलं.

शेवटच्या लढतींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवावेत. २०१४ ला गणपतरावांना ९४,३७४ मतं, शिवसेनेकडून लढलेल्या शहाजीबापूंना ६९,१५०, फरक २५,२२४. नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या उमेदवाराचा हा विजय. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत, नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. फरक ७६८, दोघांच्या एकत्र मतांच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. यावरून ‘मतं आबासाहेबांची होती, पक्षाची नव्हती’ असा निष्कर्ष काढला जातो, पण आकडा तसं म्हणत नाही. शेकापची मतं २०१४ पेक्षा चार हजारांवर वाढली होती. वाढलं ते समोरचं पारडं, तब्बल ३० हजारांनी. तालुक्यातले राष्ट्रवादीचे नेते दीपकआबा साळुंखे यांच्या गटाने त्या वेळी शहाजीबापूंना साथ दिली होती. त्या वर्षी शेकापची राज्यातली एकमेव जागा नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यातून आली.

गणपतरावांचं ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात निधन झालं. २०२४ ला दीपकआबा स्वतः उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून रिंगणात उतरले आणि सुमारे ५१ हजार मतं घेऊन गेले. शहाजीबापू ९०,८७० वर थांबले. शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचे नातू, १,१६,२५६ मतं मिळवून निवडून आले, आणि पक्षाची राज्यातली एकमेव जागा या वेळी सांगोल्याची ठरली. शहाजीबापूंची मतं २०१९ च्या तुलनेत जेमतेम साडेआठ हजारांनी कमी झाली, शेकापची साडेसतरा हजारांनी वाढली. तिरंगी लढतीमुळेच निकाल फिरला असं म्हणणाऱ्यांनी शेकापची ही वाढही हिशोबात धरावी.