गोल्डफिंगरवाला जाड्या आन आमचे निळूभाऊ

परभणीत आमच्या चहाच्या टपरीवर एकदा वाद झाला की सगळ्यात भारी व्हिलन कोण, तर अर्धे लोक निळू फुले म्हणले, बाकीचे अमरीश पुरी, आन मी मध्येच गेर्ट फ्रॉबं म्हणलो तर सगळे तोंडाकडं बघायले. हा कोण बे?

अरे तोच, १९६४ च्या गोल्डफिंगर या जेम्स बाँडच्या पिक्चरमधला सोन्याला हपापलेला जाड्या जर्मन! गंमत म्हणजे इंग्लिश पिक्चरात ऐकू येतो तो आवाज त्याचा न्हाईच, त्याला इंग्लिश नीट येत नव्हतं म्हणून मायकेल कॉलिन्स नावाच्या ब्रिटिश नटानं डबिंग केलं, तरी धाक त्याचाच बसतो कारण तो डोळ्यानं आन गालानं काम करतो, दुसऱ्याला छळताना लग्नात जेवायला बसल्यावानी खूश दिसतो.

आन हाच माणूस १९४८ च्या बर्लिनर बॅलाडमध्ये हडकुळा, युद्धावरून परत आलेला साधा सैनिक होता. ओळखूच येत न्हाई. तरुणपणी व्हायोलिन वाजवायचा म्हणे.

पण माझ्या मते त्याचं खरं काम १९५८ च्या 'एस गेशा आम हेलिश्टेन टाग' (Es geschah am hellichten Tag) या स्विस पिक्चरात हाय. लहान पोरींचा खुनी, पण घरी बायकोपुढं मान खाली, आन बाहेर हातात बाहुली घालून पोरीला चॉकलेट देतो. ओरडणं न्हाई, डोळे वटारणं न्हाई, म्हणून तर जास्त भ्या वाटतं. हेच काम बघून बाँडवाल्यांनी त्याला घेतलं.

निळूभाऊंना बायका शिव्या घालायच्या आन ते खरे सेवा दलाचे कार्यकर्ते, एकदम सज्जन. फ्रॉबंचं प्रकरण एवढं सोपं न्हाई. तो पोरवयात, १९२९ ला, नाझी पक्षात गेला होता आन १९३७ ला बाहेर पडला. हे उघड झाल्यावर इस्रायलमध्ये त्याच्या पिक्चरांवर बंदी आली, मग एका ज्यू माणसानं पुढं येऊन सांगितलं की याच बाबानं मला आन माझ्या आईला लपवलं होतं, तवा कुठं बंदी उठली. आता बोला! पडद्यावरचा व्हिलन समजायला दोन तास लागतात, खऱ्या माणसाचं असं गणित कोण मांडणार, मला तरी जमत न्हाई.

पुढं १९७४ ला तो लहान पोरांच्या गोष्टीतला दरोडेखोर हॉट्झेनप्लॉट्झ झाला. १९८८ ला म्युनिकला वारला. टपरीवाल्यांनो, आधी तो १९५८ चा बघा, मग अमरीश पुरीचं बोलू.