चिवाद्झे यांचे पाच विजय आणि पाच पराभव

जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी येथे फुटबॉलचा विषय निघाला की समोरची व्यक्ती तरुण असेल तर ख्विचा क्वारात्सखेलियाचे नाव घेते आणि साठी ओलांडलेली असेल तर १९८१ सालापासून बोलायला सुरुवात करते. येथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मराठी मुलांना पहिले नाव चांगले ठाऊक असते. ज्येष्ठांच्या बोलण्यात येणारे अलेक्सान्द्रे चिवाद्झे हे नाव मात्र आपल्याकडे, अगदी तालमींच्या संघांवर जीव टाकणाऱ्या कोल्हापुरातही, फारसे कोणी ऐकलेले नसते.

चिवाद्झे हे दिनामो त्बिलिसी या क्लबचे बचावपटू आणि कर्णधार होते. त्यांची जागा सर्वांत मागची, म्हणजे लिबेरोची. परंतु चेंडू दूर भिरकावून मोकळे होणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. चेंडू घेऊन पुढे सरकायचे, मधल्या फळीला सोबत घ्यायचे आणि संधी दिसली तर स्वतःच गोलवर फटका मारायचा, असा त्यांचा खेळ होता. १९७९ च्या युरोपियन कपमध्ये दिनामोची गाठ लिव्हरपूलशी पडली, तेव्हा अॅनफिल्डवरील २-१ अशा पराभवात दिनामोचा एकमेव गोल त्यांचा होता आणि त्बिलिसीतील ३-० अशा विजयात तिसरा गोल त्यांनी पेनल्टीवर केला. दोनच वर्षांपूर्वी युरोपचा विजेता ठरलेला आणि १९७८ मध्ये ते विजेतेपद राखणारा इंग्लिश संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. १९८० मध्ये सोव्हिएत युनियनमधील (जॉर्जिया तेव्हा त्याचाच भाग होता) सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्यांची निवड झाली. आघाडीच्या खेळाडूंवरच सहसा नजर खिळून राहणाऱ्या या खेळात बचावपटूला असा मान मिळणे सोपे नसते.

मार्च १९८१ मध्ये कप विनर्स कप या युरोपीय क्लब स्पर्धेत लंडनला वेस्ट हॅम क्लबविरुद्धच्या सामन्याचा पहिला गोल त्यांनी दुरून मारलेल्या फटक्यावर झाला. दिनामोने तो सामना ४-१ असा जिंकला आणि यजमानांच्याच प्रेक्षकांनी पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या. पुढे १३ मे रोजी ड्युसेलडॉर्फमध्ये पूर्व जर्मनीच्या कार्ल झाइस येना संघाला २-१ असे हरवून चिवाद्झे यांनी तो कप उंचावला. पिछाडीवरून केलेल्या त्या दोन गोलांपैकी पहिला गुत्साएव यांचा आणि विजयाचा दुसरा दारासेलिया यांचा होता. हे दारासेलिया पुढच्याच वर्षी मोटार अपघातात गेले, आणि त्याच पिढीतील किपियानी यांचाही २००१ मध्ये तसाच अंत झाला. त्यामुळे त्या पिढीविषयी बोलताना येथील माणसांचा स्वर अभिमानाचा असला तरी निर्भेळ आनंदाचा नसतो. १९८२ च्या विश्वचषकात सोव्हिएत युनियनच्या संघाचे कर्णधारपद चिवाद्झे यांच्याकडे होते आणि स्कॉटलंडविरुद्धच्या २-२ अशा बरोबरीत त्यांनी एक गोलही केला.

खेळाडू म्हणून त्यांच्या थोरवीबद्दल येथे वाद नाही. मला अधिक लक्षणीय वाटते ती त्यांची प्रशिक्षक म्हणून पहिली कारकीर्द, १९९३ ते १९९६ ची. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, फुटून निघू पाहणाऱ्या अबखाझिया प्रांतातील युद्धात तिथले मुख्य शहर सुखुमी हातचे गेले होते, राजधानीत हिवाळ्यात वीज असेलच याची खात्री नव्हती आणि अशा काळात जॉर्जियाचा संघ आपली पहिलीच युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) पात्रता स्पर्धा खेळायला उतरला. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये घरच्याच मैदानावर मोल्दोवाने त्याला १-० असे हरवले. पण नोव्हेंबरमध्ये याच संघाने वेल्सचा ५-० असा धुव्वा उडवला. पुढे वेल्समध्ये, कार्डिफला, किन्कलाद्झेच्या एका अलगद उचललेल्या चेंडूवर वेल्सला पुन्हा नमवले आणि १९९४ च्या विश्वचषकात चौथ्या आलेल्या बल्गेरियालाही त्बिलिसीत २-१ असे हरवले.

दहा सामन्यांत पाच विजय, पाच पराभव, एकही बरोबरी नाही. केलेले गोल १४ आणि स्वीकारलेले १३. या आकड्यांतच त्या संघाचा स्वभाव दिसतो. किन्कलाद्झे, केत्सबाया, अर्वेलाद्झे असे आघाडीचे खेळाडू हाताशी असताना त्यांना मोकळे सोडणे स्वाभाविकच होते. परंतु ज्यांनी आयुष्यभर बचाव सांभाळला, त्यांच्याच संघाचा बचाव मोल्दोवातील परतीच्या सामन्यात तीन गोल देऊन बसावा, हे मनाला लागते. मोल्दोवाविरुद्ध दोन्ही सामने जिंकले असते तरी जॉर्जिया २१ गुणांवर थांबला असता आणि २२ गुणांच्या बल्गेरियाच्या मागेच राहिला असता, हेही खरे. जर्मनी आणि बल्गेरिया यांच्यामागे गटात तिसरे स्थान ही पहिल्या प्रयत्नातील कामगिरी मला तरी मोठी वाटते.

दुसऱ्यांदा, २००१ ते २००३ या काळात, त्यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. त्या पर्वातील सर्वांत ठळक आठवण म्हणजे ऑक्टोबर २००२ मध्ये रशियाविरुद्धचा सामना मैदानावरील दिवे गेल्यामुळे अर्ध्यावर सोडावा लागला, ती.

युरोची दारे अखेर उघडली ती २६ मार्च २०२४ रोजी, त्बिलिसीत ग्रीसला पेनल्टींवर हरवून. तेव्हाचे प्रशिक्षक विली सान्योल हेही चिवाद्झे यांच्यासारखेच बचावपटू, फ्रान्सचे माजी खेळाडू. मात्र त्यांनी पाच जणांची मागची फळी, ममार्दाश्विलीसारखा गोलरक्षक आणि वेगवान प्रतिहल्ले यांवर संघ उभा केला आणि पोर्तुगालला २-० असे हरवून दाखवले. आघाडीचे खेळाडू एकास एक लावून पाहिले तर, क्वारात्सखेलियाचा अपवाद सोडून, १९९४-९५ चाच संघ मला सरस वाटतो. येथील तरुण मित्रांना हे मान्य नाही.