तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीत सासू-सासरे नव्हते का?

"काका, मामा सगळे एकजात अंकल. सासूला तर शब्दच नाही, 'मदर-इन-लॉ' म्हणे, म्हणजे कायद्याने आई! नात्यांना किंमतच नव्हती ना त्यांच्याकडे?" जुन्या इंग्रजी शब्दांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेकदा आधीच ठरलेलं असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

शब्द होते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत काका 'फॅडेरा', मामा 'एआम', आत्या 'फाथू' आणि मावशी 'मोद्रिये'. आपल्यासारखेच चार जणांना चार शब्द. सासरा 'स्वेओर', सासू 'स्वेगर', सून 'स्नोरु', नवऱ्याचा भाऊ 'टाकोर'.

हे शेवटचे चार नीट बघा. स्नोरु आणि संस्कृतातली स्नुषा एकाच मुळाचे, आणि स्नुषेचीच आपली सून झाली. टाकोर आणि देवर, म्हणजे आपला दीर, कानाला जुळत नाहीत. पण आपल्याकडच्या 'द'समोर इंग्रजीत 'ट' येतो हा नियम आहे: दोन आणि टू, दहा आणि टेन, दात आणि टूथ. त्यामुळे टाकोरमधला 'ट' बरोबर जागेवर आहे. मधल्या 'व'च्या ठिकाणी 'क' कसा आला, यावर मात्र अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

सासू-सासऱ्यांची जोडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. संस्कृतात श्वशुर आणि श्वश्रू, दोन्हींत मधे 'श'. हा मूळचा 'क'; लॅटिनमध्ये सासऱ्याला 'सोकेर' म्हणतात, तिथे तो शाबूत आहे. जर्मन-इंग्रजीच्या घराण्यात या 'क'चा 'ह' व्हायला हवा, आणि सासऱ्यात तो झालाही: त्याच घराण्यातल्या गॉथिक या जुन्या भाषेत 'स्वेहरा'. इंग्रजीत दोन स्वरांमधला 'ह' पुढे गळला, म्हणून स्वेओर. पण सासूमध्ये 'ह'ऐवजी 'ग' आहे. जर्मन 'श्वीगरमुटर'मध्ये तो आजही ऐकू येतो. एकाच घरातल्या दोन शब्दांत हा फरक का, हे बराच काळ सुटत नव्हतं. १८७५ साली डेन्मार्कचा भाषा-अभ्यासक कार्ल व्हर्नर याला उत्तर सापडलं ते वैदिक संस्कृतातल्या आघातांत. श्वशुरमध्ये उदात्त, म्हणजे आघात, पहिल्या अक्षरावर, श्वश्रूमध्ये शेवटच्या. आघात व्यंजनाच्या लगेच आधी असेल तर 'ह' टिकतो, नसेल तर त्याचा 'ग' होतो. स्नुषेतला उदात्तही शेवटी, म्हणून तिच्या 'ष'समोर स्नोरुमध्ये 'र' आला. जर्मन आणि इंग्रजी बोलणारे तो आघात केव्हाच विसरले होते. वेदपाठ करणाऱ्यांनी तो जपला, आणि त्यावरून इंग्रजीतल्या सासूचा हिशेब लागला.

यावर लगेच ऐकू येतं, "म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच निघाली!" नाही हो. त्या चुलत बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. आणि नुसत्या कानावर विसंबलं तर फसायला होतं. 'डे' आणि दिवस सख्खे वाटतात, पण त्यांचा संबंध नाही. दिवसाचा नातलग इंग्रजीत असलाच तर तो 'ट'ने सुरू व्हायला हवा, आणि तो आहे 'ट्यूजडे'च्या सुरुवातीला: तिथला टीव हा देव आणि आपला 'देव' हा शब्द एकाच मुळाचे. दुसरीकडे 'व्हील' आणि चाक यांत कानाला काहीच सारखं नाही, पण ते खरे नातलग.

मग हे शब्द गेले कुठे? पूर्वी मी बेधडक १०६६ सालाकडे बोट दाखवत असे: फ्रान्समधून नॉर्मन लोक इंग्लंड जिंकून आले, त्यांची फ्रेंच आली, 'अंकल' आणि 'आंट' आले, जुने शब्द गेले. यात तथ्य आहे. 'अंकल'च्या मुळाशी असलेला लॅटिन 'अवुंकुलुस' म्हणजे फक्त मामा, 'आंट'च्या मुळाशी असलेली 'अमिता' म्हणजे फक्त आत्या. आणि 'इन-लॉ'मधला कायदा कोर्टाचा नव्हे, चर्चचा. लग्नाने जोडलेल्या माणसाशी पुन्हा लग्न करायला तो बंदी घालत असे, जणू ती रक्ताचीच नाती.

पण एवढ्याने माझं जुनं उत्तर पूर्ण होत नाही. जर्मनीत नॉर्मन कधी गेले नाहीत, तरी तिथेही मामाचा 'ओहाइम' आणि सुनेचा 'श्नूर' वापरातून गेले, आणि सतराव्या-अठराव्या शतकात फ्रेंचमधून 'ओंकेल', 'टांटे' आले. स्वीडनमध्ये मात्र काका 'फारब्रूर' आणि मामा 'मूरब्रूर' आजही वेगळे आहेत. चर्च तिथेही होतं. मग नात्यांची कदर स्वीडिश माणसाला आहे आणि जर्मन माणसाला नाही, असं म्हणायचं का? मला ते पटत नाही. आपल्याकडेही मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ सर्रास 'कझिन' होताहेत, म्हणून आपली माया आटली असं कुणी म्हणालं तर तुम्हाला चालेल का?

इंग्रज कवी चॉसरच्या चौदाव्या शतकातल्या काव्यात एक भाची एकाच माणसाला कधी 'एम' म्हणते, म्हणजे तोच जुना एआम, आणि कधी 'अंकल'. दोन्ही शब्द तिच्या जिभेवर होते. त्यातला एकच का टिकला, याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही.